भूकंपाच्या उगमापाशी





भूकंपाची चर्चा पुसदला कशासाठी, असे काहींनी विचारले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचा भूकंप झाला, तेव्हा आपला यवतमाळ जिल्हाही हादरला. दुसरे नाते जुने आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ क्षमतेच्या भूकंपाने कोयनानगर कोसळले, तेव्हा राज्याची धुरा आपल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या खांद्यावर होती. १९६२ पासून कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि त्या खोऱ्यात धक्के सुरू झाले. ते अजून थांबलेले नाहीत.

धरणाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणात असलेला खडक सरकतो, असे शास्त्र सांगते. पण हे नेमके कसे घडते, ते जमिनीवरच्या यंत्रांना दुरूनच ऐकावे लागते. दक्षिण आफ्रिकेतल्या टाऊटोना या सोन्याच्या खाणीत संशोधक साडेतीन किलोमीटर खोल उतरले, तिथून प्रस्तरभंगात छिद्रे घेतली आणि यंत्रे बसवली. कोयनेला अशी खाण नाही. तिथे डोंगरातूनच वाट पाडावी लागली.

२०१७ मध्ये कोयना परिसरातल्या गोठणे येथे ३ किलोमीटर खोलीचे विंधनछिद्र पूर्ण झाले. पहिले १,२४७ मीटर काळा पाषाण, आपल्याकडे विहीर खोदताना लागतो तोच. त्याखाली एकदम ग्रॅनाइट आणि नाइस हे खडक! कोयनेचे बहुतेक भूकंप दहा किलोमीटरच्या आत आणि छोट्याशा टापूत होतात, म्हणून हे धाडस शक्य झाले. कराडच्या प्रयोगशाळेत या खडकांचा अभ्यास होतो आहे. माझ्या मते महाराष्ट्राच्या मातीत चाललेल्या संशोधनात याहून मोलाचे काम क्वचितच असेल, आणि आपल्या शाळांत त्याचा उल्लेखही होत नाही, ही खंत आहे.

म्हणून दूरदुरून आलेल्या भूवैज्ञानिक पाहुण्यांना एक विनंती आहे. व्याख्याने संपली की लगेच गाडीत बसू नका. इथली मुले प्रश्न घेऊन आली आहेत. त्यांच्यासाठी थोडा वेळ काढा, आणि त्यांच्याशी मराठीत बोला.