निबंध कुठे अडतो?

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात पुऱ्या झालेल्या कामाचे कौतुक होते. ते योग्यच आहे. परंतु आज आम्ही अपुऱ्या राहिलेल्या कामाविषयी बोलणार आहोत. वहीत मथळा लिहिला आहे, खाली चार ओळी आहेत, पुढचे पान कोरे आहे आणि निबंध परवा द्यायचा आहे. अशी एक तरी वही आपल्या भायखळ्यातील बहुतेक घरांत सापडेल. हा निबंध नेमका कुठे अडतो, याचा आपण विचार करू या.

आपल्याकडील विद्यार्थ्याचा साधा दिवस पाहा. पहाटे पाणी येते तेव्हा घर जागे होते. पिंप, कळशा भरायच्या, मोरीसाठी थांबायचे, सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहायचे. आई कामाला जाण्याच्या घाईत, लहान भावाचा डबा व्हायचा. मुलगी असेल तर भांडी आणि केरवारा तिच्याकडे. मग स्टेशन गाठून गर्दीत शिरायचे. कॉलेज सुटल्यावर कुणी शिकवण्या घेतो, कुणी दुकानात हिशेब लिहितो, कुणी घरोघर सामान पोहोचवतो. संध्याकाळी घरी यावे तर एकाच खोलीत टीव्ही, पाहुणे, स्वयंपाक आणि आजोबांचा खोकला. जेवणे आटोपून अंथरुणे पडली की दिवा कुणाच्या तरी डोळ्यांवर येतो. विद्यार्थी पोटमाळ्यावर चढतो, वही उघडतो, चार ओळी वाचतो, पाचवी सुचत नाही. हातातला मोबाईल एकदा पाहावा म्हणतो आणि अर्धा तास जातो. अकरा वाजता वही मिटते.

दुसऱ्या दिवशी वडील म्हणतात, पोरगा आळशी आहे. शिक्षक म्हणतात, याला लिहिता येत नाही. विद्यार्थ्यालाही हळूहळू तसेच वाटू लागते. आमच्या मते दोष एवढा सरळ नाही. पाठांतर लोकलमध्ये होते, गणित पाच-पाच मिनिटांत एकेक सोडवता येते. पण निबंधाला सलग तास लागतो. एक विचार धरून दुसऱ्यापर्यंत पोहोचायचे तर मध्ये कुणी हाक मारून चालत नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या दिवसात मिनिटे भरपूर आहेत, सलग तास नाही.

बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला, हे वाक्य प्रत्येक भाषणात येते. टाळ्या होतात आणि विद्यार्थी मनात म्हणतो, मला अठरा कुठले, एक तास मिळत नाही. म्हणून त्या अभ्यासाची व्यवस्था कशी होती, ते सांगणे आम्हाला अधिक गरजेचे वाटते.

भायखळ्याहून चिंचपोकळी, करी रोड आणि मग परळ. तिथल्या डबक चाळीत रामजी सुभेदारांचे बिऱ्हाड एका खोलीत होते. तीच खोली स्वयंपाकाची, तीच झोपण्याची. सुभेदार मुलाला लवकर झोपवीत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून आपण झोपत. चाळ शांत असताना मुलगा मिणमिणत्या दिव्यापाशी वाचत बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. खोली तेवढीच होती, पण बापाने आपली झोप मोडून तिच्यातून मुलाला सलग तास काढून दिले. बाबासाहेबांच्या बुद्धीबरोबर ही गोष्टही आपण मुलांना सांगितली पाहिजे, आणि मुलांपेक्षा पालकांना अधिक सांगितली पाहिजे.

पुढची हकिकत अपुऱ्या लिखाणाचीच आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुस्तकांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट बुडाली. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाई, रात्र खोलीवरच्या वाचनात. इकडे परळच्या चाळीत रमाई ओढगस्तीत संसार चालवीत होत्या. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध विद्यापीठाला सादर झाला आणि परीक्षकांनी आक्षेप घेऊन तो पुन्हा लिहून आणायला सांगितला! पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, प्रबंध पुन्हा लिहून इथून पाठविला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांना सगळी मते पटली नव्हती, तरी ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

विद्यार्थी मित्रांनो, बाबासाहेबांचाही प्रबंध परत आला होता, हे लक्षात ठेवा. तुमच्या वहीवर शिक्षकांनी लाल शाईने ‘पुन्हा लिहा’ असे लिहिले तर तो अपमान नव्हे. पहिले लिखाण सुंदरच व्हायला हवे, या भीतीने पाचवी ओळ अडते. पहिले लिखाण कच्चे असते. ते कच्चे लिहायचे, मग घासूनपुसून पक्के करायचे.

दुसरी अडचण अशी की विद्यार्थ्याला वाटते, आपल्याकडे लिहिण्यासारखे काही नाही. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ताबाई साळवे ही मातंग समाजातील मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिच्याजवळ ग्रंथसंग्रह नव्हता. छपराविना बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल तिने पाहिले होते, तेच तिने लिहिले. आणि धर्मग्रंथ आमचा नाही तर आम्ही कोण, असा प्रश्न केला. आज तिचा निबंध विद्यापीठांत अभ्यासला जातो. राणीच्या बागेत ज्यांच्या नावाचे संग्रहालय आहे, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनीही तरुणपणी मुलींना जन्मतःच मारण्याच्या प्रथेवर निबंध लिहून पारितोषिक मिळविले होते. निबंध हा असा जाब विचारण्याचा मार्ग आहे. मोबाईलला विषय सांगितला की तयार निबंध मिळतो, हे आम्हाला ठाऊक आहे. त्याने गुणही मिळतील. पण आपल्या चाळीच्या नळावर काय घडते, ते त्याला माहीत नाही. आपले दुःख इतरांनी आपल्या वतीने लिहावे, हे पुष्कळ वर्षे झाले. आता ते पुरे.

म्हणून काही साध्या सूचना करतो. निबंध एका बैठकीत संपवू नका. पहिल्या दिवशी फक्त प्रश्न लिहा: मला काय सांगायचे आहे? दुसऱ्या दिवशी माहीत असलेल्या पाच गोष्टी, कशाही क्रमाने. तिसऱ्या दिवशी क्रम लावा. चौथ्या दिवशी सलग लिहा आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवा. तिला जिथे कळले नाही, तिथे निबंध कच्चा आहे. पाचव्या दिवशी पक्का करा. तास एकच, रोज तोच, मोबाईल दुसऱ्याच्या हाती देऊन.

पालकांनी तो तास राखावा. त्या वेळी टीव्ही बंद, मुलीला भांड्यांसाठी हाक नाही. मुलाला तास दिला आणि मुलीला दिला नाही, तर सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालण्यात अर्थ नाही.

आणि मंडळाने काय करावे? आपले सभागृह कार्यक्रम नसताना कुलूपबंद असते. ते रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासासाठी उघडावे. दिवे, पंखे, चार बाकडी आणि पिण्याचे पाणी पुरे. पदवीधर कार्यकर्त्यांनी पाळीपाळीने बसून मुलांचे कच्चे लिखाण वाचावे आणि हसू नये. तिसरी गोष्ट थोडी कटू आहे. चौदा एप्रिलच्या सुमारासच अनेकांच्या परीक्षा येतात. जयंती थाटात व्हावी, पण ज्या खोलीत विद्यार्थी लिहीत बसला आहे, तिच्या खिडकीवर ध्वनिक्षेपकाचे तोंड नसावे. तो विद्यार्थी वाचत बसला आहे, हीदेखील जयंतीच आहे.

रामजी सुभेदारांनी एका मुलासाठी जे केले, ते आपण सर्वांनी मिळून आपल्या वस्तीतील सर्व मुलामुलींसाठी करायचे आहे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत मान्यवरांचे लेख कमी आणि विद्यार्थ्यांचे निबंध अधिक असावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!