घरमालकीण होताना

(गटाच्या मासिक बैठकीतल्या बोलण्याचं हे शब्दांकन.)



'घरमालकीण' हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा घरमालकाच्या बायकोसाठी वापरतात. भाडं त्याला द्यायचं आणि नळ गळतोय ही तक्रार तिच्याकडे करायची. त्यामुळे एजंटचा पहिला फोन आला तेव्हा तो म्हणाला, "जरा साहेबांना देता का?" फ्लॅट माझ्या नावावर, कर्ज माझ्या पगारातून फेडलेलं. घरात साहेब कुणीच नाही. तसं त्याला सांगितलं. पुढे आमचं ठीक जमलं.

कर्वेनगरातला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट गेल्या वर्षी रिकामा झाला, कारण आईला सोबत हवी म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले. पेन्शनला थोडी जोड होईल म्हणून तो भाड्याने द्यायचं ठरवलं. ओळखीतल्या सगळ्यांनी आधी घाबरवलं. "दिलंस की गेलं. भाडेकरू निघत नसतो." या भीतीला इतिहास आहे. मुंबई भाडे नियंत्रणाचा कायदा १९४७ चा. त्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्यांना भाडेकरूचे हक्क मिळाले. ज्यांची घरं तेव्हा अडकली, त्यांची मुलंनातवंडं आजही तेच सांगतात. पण मधे कायदा बदलला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातल्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की मालकाला जागा परत मागता येते. माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि तो राहील तेवढ्या काळाचं भाडं दुप्पट. कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ती जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नव्हे. नोंदवला नाही तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. वर मालकाला शिक्षाही होऊ शकते. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला' असं अजून कुणी म्हणत असेल तर महाराष्ट्रात ते चालत नाही.

हे सगळं मी वाचलं, टिपणं काढली. बँकेत तीस वर्षं कागदच तपासले होते, त्यामुळे मी तयार आहे असं वाटलं.

मग एका रविवारी एक बाई आल्या. नर्स, कायम नोकरी, बरोबर दहा वर्षांचा मुलगा. घर पाहिलं, पाण्याची वेळ विचारली, शाळा किती लांब ते विचारलं. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "मिस्टर कुठे असतात?"

त्या म्हणाल्या, "नसतात."

१९८८ साली मी याच पुण्यात लहान मुलीला घेऊन घर शोधत होते. नवऱ्यापासून वेगळी झाले होते. सात घरं पाहिली. नोकरी बँकेतली, पगार ठरलेला, तरी पगार किती हे सातपैकी दोघांनीच विचारलं. मिस्टरांबद्दल सातही जणांनी विचारलं. तेव्हा मीही "नसतात" असंच म्हणायचे, अगदी याच सुरात. आणि आता खुर्चीच्या या बाजूला बसून मी तोच प्रश्न विचारला होता, तोही सहज, पाणी देता देता. संध्याकाळी फोन करून म्हटलं, घर तुम्हाला द्यायला मी तयार आहे. त्या सभ्यपणे म्हणाल्या, "नको ताई, दुसरीकडे बघतेय." मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, इतकंच.

त्या रात्री मी बसून प्रश्न लिहून काढले. प्रत्येकापुढे एकच कसोटी लावली: याच्या उत्तरावर भाडं वेळेवर येणं किंवा घर नीट राहणं अवलंबून आहे का? पगाराची स्लिप, हो. घरात किती माणसं राहणार, हो. नवरा, आडनाव, गाव, मटण शिजतं का, रात्री किती वाजता परत येता, हे सगळं गळलं. उरलेले प्रश्न येईल त्या प्रत्येकाला, त्याच क्रमाने विचारायचे. क्रम महत्त्वाचा, नाहीतर ज्याचा चेहरा आवडला त्याला आपण निम्मे प्रश्न माफ करतो. फसवणारा माणूस तर चेहऱ्याने आवडेल असाच येतो.

तपासायचं ते नीट तपासा. नोकरीची खात्री त्यांनी दिलेल्या मोबाइलवर करू नका, कचेरीचा नंबर स्वतः शोधा. भाडं पगाराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बसतं का पाहा. आधीच्या घरमालकाला विचारायचं तर सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. सध्याच्याला ब्याद घालवायची असेल तर तो तोंडभर स्तुती करील. नोंदणी होईपर्यंत किल्ली देऊ नका. अनामत बँकेतून घ्या.

आणि एक गोष्ट मला आपल्या केंद्रातल्या कामामुळे सुचली. मारहाणीतून निघालेली बाई घर शोधत असेल तर चौकशीचा एक फोन तिचा नवा पत्ता नको त्याला पोचवू शकतो. म्हणून फोन करण्याआधी तिला विचारा. अडीअडचणीला कुणाला कळवायचं ते नाव तिला निवडू द्या. माहेर किंवा सासर धरून चालू नका.

आता एजंटकडे येते. त्याने पाठवलेले पहिले पाच जण एकाच तऱ्हेचे होते. आडनावं बघून माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून आधीच गाळतो." म्हणजे मी कुणालाही नाही न म्हणता माझ्या नावाने नकार दिले जात होते! बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. आता काठ्या लागत नाहीत, "कालच दिलं हो" एवढं पुरतं. अस्पृश्यतेच्या कारणावरून घरात राहू न देणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण कारण कुणी बोलून दाखवतच नाही. आणि संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेतली आहेत, भाड्याच्या घराचं नाही. मुसलमान मैत्रिणींनी मला हे आधीच सांगितलं होतं. मी हळहळले होते. आपलाही त्यात हात असेल असं मनात आलं नव्हतं. एजंटला सांगितलं, गाळायचं काम माझं. त्याने तोंड वाकडं केलं, पण पाठवू लागला.

शेवटी घर घेतलं ते दोन मुलींनी. एक लातूरची, एक मालेगावची, दोघी एकाच कंपनीत. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "बॅचलर मुली आपल्याकडे देत नाहीत." मी आदर्श उपविधी दाखवले. लायसन्सवर घर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवावं लागतं, कराराची प्रत द्यावी लागते. बिनवहिवाट शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं, हा २००१ चा शासन निर्णय आहे. तोही बरोबर नेला होता. पोलिसांकडे माहिती दिल्याची पावतीही जोडली. सेक्रेटरी म्हणाले, "काही झालं तर जबाबदारी तुमची." मी विचारलं, काय होईल? ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी त्यांचाच फोन, मुलींकडे रात्री साडेदहाला कुणी मुलगा आला होता म्हणून. मी म्हटलं, "बरं." खरं सांगते, फोन ठेवल्यावर दुसरी किल्ली घेऊन एकदा जाऊन यावं असं मला वाटलं. चपलासुद्धा घातल्या होत्या. गेले नाही. करारात लिहिलंय की आधी कळवून, दिवसाउजेडी यायचं, आणि ती अट मीच घातली होती.

भाडं आजवर एकदा चार दिवस उशिरा आलं, तेही आधी सांगून. प्रश्नांचा कागद बरोबर आणला आहे. ज्यांना हवा त्यांनी चहाच्या वेळी उतरवून घ्या.