रावेच्या वहीतला पोर्टफोलिओ

आज बोलूया ऑनलाइन पोर्टफोलिओवर. नाव काढलं की वाटतं, हे कोडिंगवाल्यांचं काम. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो, उत्तम पोर्टफोलिओचा कच्चा माल आपल्या परभणीत कृषीची पोरं-पोरी हातानं लिहितात.

परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 चं, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षी ‘रावे’ असतं, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. विद्यार्थी गावात जातात, शेतकऱ्यांसोबत काम करतात, नोंदी ठेवतात. मार्क पडले की वही गठ्ठ्यात जाते. आणि नोकरीच्या अर्जात काय उरतं? ‘मेहनती, प्रामाणिक, टीमवर्क.’ हे तर सगळेच लिहितात.

एक नोंद घेऊ. सोयाबीनची उगवण चाचणी. 100 बिया ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, काही दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर बियाणं चालतं. कमी आले तर एकरी प्रमाण वाढवायचं, फारच कमी असले तर बियाणंच बदलायचं. घरचं बियाणं पेरणाऱ्याला दुबार पेरणीचा एक धोका इथंच कळतो. एवढं मोठं काम, पण अर्जात त्याचा उल्लेखच नाही!

ही नोंद ऑनलाइन टाकताना चार प्रश्नांची उत्तरं लिहा. काय केलं? का केलं? काय कळलं? अजून काय जमत नाही?

चौथ्या प्रश्नाला सगळे बिचकतात. पण ध्येय तिथूनच निघतं बघा. ‘चाचणी करता येते, पण 20 शेतकऱ्यांपुढं उभं राहून समजावता येत नाही’ असं लिहिलं, की पुढच्या सहा महिन्यांचं काम ठरलं. ‘यशस्वी व्हायचंय’ लिहून काहीच ठरत नाही.

गूगल साइट्सवर पान फुकट बनतं, कोडिंग लागत नाही. मराठीत लिहा, खाली दोन ओळी इंग्रजीत द्या. आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर मात्र टाकू नका. शेतकऱ्याचा फोटो त्यांना विचारूनच.

जिंतूर-पालमकडच्या कितीतरी पोरा-पोरींची पुण्या-मुंबईत ओळख नसते, शब्द टाकणारं कुणी नसतं. तिथं हे पान तुमच्या वतीनं बोलतं. म्हणून वही रद्दीत जायच्या आधी निदान एक नोंद टाइप करा. भेटू पुढच्या भागात!