रंग पोंचवणारी वीज



दारव्ह्याकडील काळी जमीन कपाशीला मानवते, लोखंडाला मात्र मानवत नाहीं. पावसाळ्यांत शेतावरून आलेली मोटार वरून धुतली, तरी मडगार्डच्या आंतला चिखल तसाच राहतो व दिवसेंदिवस ओल धरून बसतो. ओल आणि प्राणवायू एकत्र आले कीं लोखंड गंजूं लागतें. त्यांत रासायनिक खत सांडलेलें असेल, तर विचारावयासच नको!

गंज बहुधा सांध्यांत व पोकळींत घर करतो; तेथें कुंचला पोंचत नाहीं, फवाराही पोंचत नाहीं. ही अडचण विजेनें दूर केली. अमेरिकेंतील फोर्ड कंपनींत जॉर्ज ब्रुअर यांनीं १९६० च्या सुमारास ही रीत मोटारींसाठीं सिद्ध केली. आज पिंपरी-चिंचवडकडील कारखान्यांतही ती रूढ आहे.

सांगाडा धुवून त्यावर फॉस्फेटचा थर देतात आणि रंगाच्या हौदांत बुडवून तो विजेच्या ऋण टोकास जोडतात. हौदांत बहुतांश पाणीच असतें. रंगाचे कण धनभारित असतात. पत्र्यालगत कणांचा भार नाहींसा होतो, त्यांना पाण्यांत राहतां येत नाहीं, व ते पत्र्यास चिकटतात. खरी गंमत पुढेंच आहे. जेथें थर बसला तेथें विजेस अडथळा होतो, म्हणून ती उघड्या जागेकडे वळते, आणि खोल कोपरेही रंगून निघतात! दोन-तीन मिनिटांत सुमारें २० मायक्रॉनचा थर बसतो; मग तो भट्टींत भाजून पक्का करतात. प्रारंभीं सांगाडा धन टोकास जोडीत. पण त्यानें लोखंडच किंचित् विरघळे, म्हणून १९७० नंतरच्या दशकांत टोकें उलटविण्यांत आलीं.

परंतु हा हौद गांवच्या गॅरेजमध्यें नसतो. माझ्या मोटारीच्या दाराखालची पट्टी एकदां फाटली. वेल्डिंग उत्तम झालें, बाहेरून रंगही चकचकीत लागला. पण उष्णतेनें आंतला थर जळाला होता, हें कोणाच्याच ध्यानीं आलें नाहीं. दुसऱ्या पावसाळ्यांत तेथें बोट जाईल एवढें भोंक पडलें. तेव्हांपासून मी कारागिरास प्रथम आंतली बाजू दाखवावयास सांगतों. ती घासून तेथें रेड ऑक्साइडचे दोन हात दिल्यावांचून गाडी घरीं नेत नाहीं.