आधी नवऱ्याला विचारा



नाना पेठेत माझ्या ओळखीचा एक बॅटरीवाला होता. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं कढईत वितळवायचं आणि विकायचं, हा त्याचा धंदा. लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आईनं सुनेसाठी डॉक्टर केले, दर्गे केले, गळ्यात तावीज बांधला. मीही त्याला विचारलं होतं, "बहूला चांगल्या दवाखान्यात नेलंस का?" बायकांच्या दुःखावर कविता लिहिणारा मी, पण 'तू स्वतःला तपासून घेतलंस का?' हे माझ्या तोंडी आलं नाही.

शेवटी एका डॉक्टरांनी त्यालाच समोर बसवलं आणि विचारलं, "काम काय करता?" मग तपासण्या झाल्या. रक्तात शिसं फार, शुक्रजंतू फार कमी.

शिशाचा धूर श्वासातून जातो, हातावरची धूळ घासाबरोबर पोटात जाते. रक्तातून ते हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतं. शुक्रजंतूंची संख्या घटते, त्यांची चाल मंदावते. माणूस मात्र धडधाकट दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. कॅडमियम हा धातूही असाच. तो विडी-सिगारेटच्या धुरातही असतो.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. दुचाक्यांच्या या पुण्याला त्याचा मोठाच दिलासा. जुन्या बॅटऱ्या दुकानदारानं परत घ्याव्यात आणि नोंदणी झालेल्या कारखान्याकडेच द्याव्यात, असा नियम २००१ मध्ये झाला; २०२२ मध्ये नवे नियम आले. पण गल्लीबोळातली कढई नियम वाचत नाही. आणि तिच्याजवळ बसणारा कामगार अंगावरच्या कपड्यांतून तीच धूळ घरी, लेकराबाळांत नेतो.

त्या मुलानं कढई सोडली. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. अंगातलं शिसं उतरायला त्याहून पुष्कळ अधिक. डॉक्टरांनी आशा दिली, हमी दिली नाही.

पाळणा हलत नसेल, तर तपासणी दोघांची करा. नवऱ्याची आधी करा, ती सोपी असते. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी आपण काम काय करतो ते सांगा.

सात वर्षं ती सून खाली मान घालून वावरली. तिची माफी कुणी मागितली का, मला ठाऊक नाही. मी आज मागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)