स्टार्टर बदलताना

विज्ञानाच्या तासाला आपण फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम घोकला. गाडीचा स्टार्टर त्याच नियमाने फिरतो. परवा मी तो घरीच बदलला.

चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' झालं, तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स तपासा. पुष्कळदा दोष तिथेच असतो. स्टार्टर बदलायचाच झाला, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढा आणि सर्वांत शेवटी जोडा. स्टार्टरच्या जाड वायरला बहुधा फ्यूज नसतो. पाना बॉडीला टेकला, की मोठी ठिणगी उडते. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच.

पुढच्या मेळाव्याला आपण सगळे धडधाकट हवेत.