तोंड आले म्हणजे काय?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मुलाचे तोंड आले की ‘उष्णता झाली’ असे म्हणून आपण जाईचा पाला शोधू लागतो. आम्हीही तेच केले. दोन वर्षांच्या नातवास ताप होता, हिरड्या लालभडक सुजल्या होत्या. दाढा येत असतील, असा निर्वाळा देऊन आम्ही तीन दिवस दवडले. तोवर त्याने पाणीही सोडले, लघवी कमी झाली.

डॉक्टरांनी प्रथम फोडांची जागा पाहिली. साध्या तोंड येण्यात व्रण बहुधा गालाच्या वा ओठाच्या आत उठतात. ताप सहसा नसतो. हर्पिसचे बारीक फोड पुंजक्याने येतात, हिरड्यांवर व टाळूवरही. हातापायांवर फोड असल्यास विकार बहुधा निराळा. शंका राहिलीच तर फोडातील द्रवाच्या पीसीआर तपासणीने विषाणू ओळखता येतो.

मग त्यांनी विचारले, “घरात कोणाच्या ओठावर फोड आले होते काय?” आम्ही मान खाली घातली. आठच दिवसांपूर्वी ते आमच्याच ओठावर होते आणि त्याच ओठांनी आम्ही नातवाचा पापा घेतला होता!

सलाइनने नातू सावरला. अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध मात्र लवकर, शक्यतो पहिल्या तीन दिवसांत, सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. ते दिवस आम्ही घालविले होते.

नवजात अर्भकास हा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो. आपल्याकडे बारशाला मूल हातोहात फिरते. ज्याच्या ओठावर फोड असेल त्याने दुरूनच आशीर्वाद द्यावा, एवढीच आमची विनंती.